अंगण झाडू नका

मी आज जो काही आहे तो भूपाल तात्यांमुळे. हे आधी स्वच्छ लिहून टाकतो, कारण पुढे मी त्यांच्याविषयी बरीच तक्रार करणार आहे. ज्या माणसाचे माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार, त्याच माणसानं मला सगळ्यात जास्त वैताग दिला. त्यांना जाऊन आता दीड महिना झाला, तरी तो वैताग ओसरलेला नाही... उलट ज्याच्यावर काढायचा तो माणूसच उरला नाही, त्यामुळे तो घरभर माझ्यामागे फिरतो आहे.

बातमी आली तेव्हा मी लोणंदच्या आमच्या शाळेत नववीचे पेपर तपासत बसलो होतो. तात्यांची मुलगी कल्पना, तिचा सांगलीहून फोन. “दादा, तात्या गेले. सकाळी फिरून आले, अंगणात उभं राहून नेहमीसारखं खाली बघितलं, बूट काढायला पायरीवर बसले... ते उठलेच न्हाईत.” अशा वेळी काय बोलावं हे कुणी शिकवत नाही, पण काय बोलू नये एवढं तरी मला कळायला हवं होतं. मी विचारलं, “माझं पत्र मिळालं होतं का त्यांना?” ती म्हणाली, “कसलं पत्र?” तेवढ्यात मागून कुणीतरी तिला हाक मारली आणि फोन बंद झाला. लोणंद ते सातारा, सातारा ते सांगली, सगळ्या वाटेवर तोच एक प्रश्न डोक्यात घेऊन मी एसटीत बसलो होतो. पत्र मी आठ दिवसांपूर्वी टपालात टाकलं होतं. फोन केला असता तर दोन मिनिटांत काम झालं असतं. पण तात्यांची सक्त ताकीद होती. “फोनवर सांगायचं न्हाई. फोनवरचं बोलणं पंचनाम्यात येत न्हाई. लिहून पाठव, वेळ घालून.” म्हणजे जाता जातासुद्धा या माणसानं मला टपालाच्या भरवशावर सोडलं.

तात्या सांगली पोलिसांच्या श्वान पथकात होते. घरचे शेतकरी, जैन. चातुर्मासात घरात कांदा यायचा नाही, सूर्य मावळायच्या आत जेवण आटोपायचं. आणि नोकरी कसली, तर मुख्यालयात कुत्रीला रोज मटण उकडून घालायची. घरी येताना ते बाहेरच्या नळावर आंघोळ करून, कपडे बदलून मगच उंबरा ओलांडत. त्यांच्या कुत्रीचं नाव रूबी. काळीभोर डॉबरमन, भुवया आणि पंजे तेवढे तपकिरी. पुण्याला प्रशिक्षणाला दोघं बरोबर गेले, बरोबर शिकले. काकी, म्हणजे तात्यांची बायको, म्हणायच्या, “माझं लग्न हुताना एवढ्या जुळवाजुळवीत कुणी लक्ष घातलं नव्हतं.”

तात्यांचा वैताग मी जवळून पाहिला म्हणून माझा वैताग सांगायच्या आधी त्यांचा सांगतो. पोलीस खात्यात कुत्र्यांचं काम किती वाढलं आहे याची आपल्यासारख्यांना कल्पना नसते. चोरी, खून तर आहेच. आता मंत्र्यांची सभा असली की व्यासपीठाखालून कुत्रं फिरवायचं, गणपतीत मंडपातून फिरवायचं, रेल्वे स्टेशनात फिरवायचं, कुठं बेवारस पिशवी दिसली की तिथं न्यायचं. बॉम्ब हुंगणारं कुत्रं वेगळं, अमली पदार्थांचं वेगळं, माग काढणारं वेगळं. जिल्ह्यात सगळी मिळून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि हाका सगळीकडून. तात्यांची या धावपळीबद्दल तक्रार नव्हती. तक्रार होती ती बोलावणाऱ्यांबद्दल. सगळ्यांना कुत्रं पाहिजे, पण कुत्रं काम कशाच्या आधारावर करतं हे कुणालाच जाणून घ्यायचं नाही. ते पोहोचेपर्यंत अख्खं गाव चोरी झालेल्या घरातून चपला घालून फिरून आलेलं असायचं. कुणी देवापुढं उदबत्त्यांचा पुडा पेटवलेला. एका गावात तर रूबीला ओवाळायला ताट घेऊन बायका उभ्या होत्या, कुंकू नाकात जाऊन ती बराच वेळ शिंकत राहिली, आणि सरपंच तात्यांना म्हणाले, “काय वो, एवढं नावाजलेलं कुत्रं, सर्दी हाय व्हय त्याला?” मग दुसऱ्या दिवशी पेपरात ठरलेलं वाक्य यायचं, श्वान काही अंतरावर जाऊन घुटमळले. ते वाक्य वाचलं की तात्यांचा चहा गार व्हायचा. “घुटमळलं म्हणं. दोनशे पायांचा वास, वर उदबत्ती, वर शेण. घुटमळंल न्हाई तर काय भजन म्हणंल?”

याच शेणातून माझी आणि त्यांची गाठ पडली.

मी तेव्हा बारावीत होतो. वाळवा तालुक्यातलं आमचं गाव. वडील आधीच गेले होते, आणि आई चार घरची अंगणं झाडून, सारवून, गोठे काढून आमचं दोघांचं भागवत होती. वरच्या आळीतल्या शेवंताकाकूंचं घर त्यातलंच एक. काकूंकडची सगळी माणसं लग्नाला गेली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी परतली, तर मागच्या दाराचा कडीकोयंडा उचकटलेला, कपाट उघडं, दागिन्यांचा डबा गेलेला. पोलिसांना कळवलं, आणि सांगलीहून कुत्रं येतंय ही बातमी गावभर झाली. काकूंनी पहिलं काम काय केलं असेल, तर आईला निरोप धाडला. दोन दिवस अंगणाला झाडू लागलेला नव्हता, साहेब लोक येणार, काय म्हणतील. आई गेली. तिनं पुढचं अंगण झाडलं, सडा घातला, मागच्या दारापुढं सारवलं, कोयंड्याखाली पडलेल्या लाकडाच्या ढलप्या गोळा करून उकिरड्यावर नेऊन टाकल्या. काकूंच्या सुनेनं वर रांगोळी काढली. चोरानं मागं काही ठेवलं असलंच तर ते आता शेणाखाली होतं. हे करताना कुणाच्याही मनात काही वाईट नव्हतं. पाहुणा येणार म्हणजे अंगण सारवायचं, एवढंच आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक.

व्हॅन आली. रूबीनं कोयंडा हुंगला, दारापुढं दोन गोल फिरली आणि निघाली. मागची बोळ, कडुनिंब, हौद, खालची आळी... आणि आमचं दार. उंबऱ्याशी बसली आणि दोनदा भुंकली. मी दारातच उभा होतो. मागं सगळा गाव. आई चुलीपुढून उठून बाहेर आली, तिला काही कळलंच नव्हतं. फौजदार पुढं झाले, तर तात्या त्यांच्या आधी पुढं झाले आणि आईच्या हातांकडं बघायला लागले. नखांत शेण होतं.

“बाई, सकाळी कुठं गेला हुतासा?”

“वरल्या घरला. सारवाय.”

तात्यांनी कपाळावर हात मारून घेतला. अगदी खरोखरचा, आवाज येईल असा. फौजदारांना म्हणाले, “साहेब, आपण चोराच्या न्हाई, सारवणाच्या मागं आलोय.” फौजदार म्हणाले, “लोक बघतायत. झडती घ्या.” झडती झाली. आमच्या घरात झडतीला होतं काय. माझ्या वह्या उलट्या करून झटकल्या, तेवढंच. काही सापडलं नाही. मग तात्यांनी सगळ्यांसमोर काकूंना विचारलं, “सारवाय कुणी बोलावलं हुतं हिला?” काकू पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, “मला काय ठाऊक न्हाई.”

त्या एका वाक्यानं आमचं काय झालं हे मी लांबवून सांगत नाही. पुरावा नष्ट केला म्हणून पोलीस आपल्यालाच धरतील अशी काकूंना भीती वाटली असणार, हे मला आज समजतं. पण गावाला एवढंच समजलं की बोलावल्याशिवाय ही बाई तिथं गेली होती आणि कुत्र्यानं तिचं दार दाखवलं. तात्या गर्दीकडं वळून म्हणाले होते, “कुत्रं खोटं बोलत न्हाई हे खरं. पन कुत्रं बोलतच न्हाई, वो. ते वास दाखवतंय. त्या वासाला नाव तुमी देताय.” ते कुणाच्या कानात शिरलं नाही. त्यांनी आपल्या अहवालात सारवणाचं सगळं लिहिलं, लिहू नका असं सांगितलं गेलं तरी लिहिलं, त्यापायी बोलणी खाल्ली. कागदावर आई सुटली. गावात ती ‘कुत्र्यानं दाखवलेली’ झाली. नळावर बायका तिची घागर आली की आपली सरकवून घ्यायच्या. चारांपैकी तीन घरांनी काम काढून घेतलं. चोर शेवटपर्यंत सापडला नाही, त्यामुळं गावाला मत बदलायचं काही कारणही मिळालं नाही.

पुढच्या आठवड्यात तात्या सुट्टीच्या दिवशी, साध्या कपड्यात, एसटीनं आमच्याकडं आले. रूबी जिथं बसली होती नेमक्या त्याच पायरीवर दुपारभर बसून राहिले. आईनं दोनदा आत बोलावलं तर म्हणाले, “आत नको. हितनं सगळ्यांस्नी दिसतोय मी.” जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला नाव विचारत होते. संध्याकाळी उठताना मला म्हणाले, “बारावी झाल्यावर काय करणार?” मी म्हणालो, काम बघणार. “सांगलीला चल. माझ्या घरात ऱ्हा. कॉलेज शिक. ती वरल्या घरची बाई खरं सांगंल एक दिवस. तवर तू शिकून घे.”

आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी सातवीच्या पुढं गेलं नव्हतं. मी सांगलीच्या विश्रामबागेत तात्यांच्या घरी तीन वर्षं राहिलो आणि पदवी घेऊन बाहेर पडलो. कृतज्ञता म्हणून एवढं वाक्य पुरे आहे, कारण ती तीन वर्षं कशी काढली ते माझं मला माहीत. सूर्यास्ताच्या आत घरी नसलं तर जेवण नाही. हिवाळ्यात कॉलेज सुटायला आणि सूर्य मावळायला एकच गाठ पडायची. मी सायकल दामटत यायचो आणि तात्या दारात उभे राहून माझ्याकडं न बघता पश्चिमेकडं बघत असायचे. सकाळी त्यांनी पाहिल्याशिवाय अंगणाला झाडू लावायचा नाही. रोज पहाटे मुख्यालयात जायच्या आधी ते कमरेवर हात ठेवून धुळीतले ठसे वाचत. “दूधवाला आज पावणेसहालाच आलता काय गं? आणि हे कुणाचं पाऊल? रात्री कोण आलतं?” काकी आतून म्हणत, “मीच गेलते वाळत घातलेलं काढाय. मला नवरा दिलाय का पंचनामा दिलाय, देव जाणे.” मला रोज एक पानभर लिहून दाखवावं लागे, दिवसभरात काय पाहिलं ते. ‘सकाळी कॉलेजला गेलो’ असं लिहिलं की पेन्सिलीनं खाली रेघ. वेळ? ‘वाटेत अपघात पाहिला.’ कोण कोण हजर? ‘मला फार वाईट वाटलं.’ हे काढ. मी मराठी घेऊन बी. ए. करत होतो. एकदा चिडून म्हणालो, “तात्या, मला फौजदार व्हायचं नाही.” ते म्हणाले, “म्हणूनच लिही. फौजदाराला कोणबी विचारत न्हाई, खरं लिवलंस का म्हणून.”

रविवारी ते मला मुख्यालयात नेत. रूबी माझा वास ओळखायला लागली होती. मी गेलो की कान टवकारायची, आणि मी प्रत्येक वेळी दोन पावलं मागं सरायचो. हिनंच आमचं दार दाखवलं होतं. तात्यांना ते कळत असावं. एकदा मला तिच्या अंगाला ब्रश करायला लावला आणि म्हणाले, “तिनं तुझ्या आईचा माग बरोबर काढला. आख्ख्या गावात त्या दिवशी आपलं काम नीट केलेल्या दोघीच. एक तुझी आई, एक ही.” पुढं रूबी निवृत्त झाली, थकली, गेली. त्या दिवशी तात्या जेवले नाहीत. विचारलं तर म्हणाले, उपास आहे. काकींनी पंचांग बघून सांगितलं, आज कसलाही उपास नाही.

मला लोणंदला नोकरी लागली, तात्या निवृत्त झाले, आणि मग आमच्यात तो कागद आला. निवृत्तीनंतर त्यांनी वहीच्या एका पानावर सूचना लिहून काढल्या होत्या. चोरी झालेल्या घरानं कुत्रं येईपर्यंत काय करू नये. मथळा होता, ‘अंगण झाडू नका’. खाली चारच गोष्टी. झाडू नका, सारवू नका, उदबत्ती लावू नका, आणि चुकून केलंच असेल तर लपवू नका. कुणी केलं त्याचं नाव लगेच सांगा. शेवटच्या ओळीखाली दोन रेघा. हा कागद त्यांना जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीला पाठवायचा होता. “पन पैल्यांदा तुझ्या गावात वाच. ग्रामसभेत. तू वाच.”

मी हो म्हणालो आणि वाचला नाही. एक वर्ष, दोन वर्षं, पुढं तर मोजायचं सोडून दिलं. दर रविवारी सकाळी त्यांचा फोन. “वाचलास?” पुढच्या सभेला, तात्या. “वर्षात ग्रामसभा किती हुत्यात ते मला ठाऊक हाय, मास्तर.” माझ्या बायकोनं रविवारी सकाळी माझा फोन उचलायचं बंद केलं. मी मनात म्हणायचो, या माणसाला दुसरा उद्योग नाही का? आता गावात मला सर म्हणतात, लोक विसरत आलेत, आई गप आहे, तर ती राख पुन्हा कशाला उकरायची? खरं म्हणजे लोक विसरले नव्हते. ते माझ्यासमोर बोलायचे थांबले होते, एवढंच. आणि आई गप होती कारण तिला कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही. हे मला दिसत होतं, म्हणूनच तो फोन नकोसा वाटायचा.

शेवटची भेट दिवाळीनंतरची. तात्या वाळले होते, पण पहाटेचं फिरणं चालू होतं. दाराशेजारच्या खिळ्यावर रूबीचा लांब पट्टा टांगलेला होता. कातडं सुकू नये म्हणून ते अजून त्याला तेल लावत. मी निघताना त्यांनी तोच कागद नव्यानं लिहून माझ्या खिशात घातला. अक्षर हललेलं. म्हणाले, “मी गेल्यावर वाचलास तर लोक म्हणतील, मास्तर श्रद्धांजली वाहतोय, वाहू दे. मान खाली घालून ऐकतील आणि घरला जातील. मी हाय तवर वाच गड्या. म्हंजे भांडायला कुणीतरी हाय असं वाटंल त्यांस्नी.”

म्हणून जानेवारी संपता संपता मी गावी गेलो आणि वाचला. जे घडलं ते पत्रात लिहून टपालात टाकलं. आणि आठव्या दिवशी कल्पनाचा फोन आला.

सांगलीला पोहोचलो तेव्हा सगळं उरकत आलं होतं. माणसं येत होती, जात होती, अंगणात शंभर पावलं उमटली होती. मला उगाच राग आला. तात्यांचे सकाळचे ठसे यात कुठं शोधायचे? शेजारची एक बाई झाडू घेऊन आली तर मी तिच्या अंगावर ओरडलोच, “राहू द्या हो.” ती बिचारी दचकली. काकी आतून रडवेल्या आवाजात म्हणाल्या, “एक गेला, तर दुसरा तयार करून ठिवलाय.” त्यावर आम्ही दोघंही हसलो आणि मग मात्र मला आवरलं नाही.

पत्राचं विचारायचं धाडस मला झालं नाही. तेराव्याच्या आसपास पुन्हा गेलो तेव्हा कल्पनानंच एक पाकीट पुढं केलं. पट्टा ज्या खिळ्याला टांगलेला होता त्याच खिळ्याला, पट्ट्यामागं खोचलेलं होतं. त्यावर तात्यांच्या अक्षरात माझा लोणंदचा पत्ता होता, तिकीटही लावलेलं होतं. टपालात टाकायचं तेवढं राहिलं होतं. आत माझंच पत्र होतं. त्यांना ते मिळालं होतं. त्यांनी ते वाचलं होतं... आणि तपासलं होतं. या माणसापुढं हात टेकावेत की डोकं आपटावं, मला कळेना. बावीस वर्षांनी आलेली ती बातमी, आणि हे पेन्सिल घेऊन बसले. पण आता ते पत्र मी इथं जसंच्या तसं देतो आहे, त्यांच्या पेन्सिलीसकट. त्यांच्या खुणा कंसात आहेत.

लोणंद, सोमवार

ती. तात्यांस,

सा. न. वि. वि.

काल ग्रामसभेत तुमचा कागद वाचला. सभा दहाची होती, ती नेहमीप्रमाणे उशिरा सुरू झाली. (वेळ?) देवळापुढच्या मंडपात बरीच माणसं होती. (किती? बायका किती?) पाणीपट्टीचा विषय संपल्यावर मी उठलो. मला घाम फुटला होता. (हे काढ.) मी म्हणालो, माझ्याकडं एक कागद आहे, तो वाचतो. मथळा वाचला तेव्हा मागून एकजण म्हणाला, “मास्तर, कुत्र्यांची शाळा काढलाईसा व्हय?” सगळे हसले. मी चारही सूचना वाचल्या. चौथी दोनदा वाचली. मग म्हणालो, बावीस वर्षांपूर्वी आपल्या गावात कुत्रं आलं होतं आणि ते माझ्या आईच्या दारात थांबलं, कारण त्या सकाळी घटनास्थळ तिनं सारवलं होतं. तिला कुणी बोलावलं होतं हे विचारण्यासाठी मी उभा नाही. पुढच्या वेळी कुणी आपलं नाव लपवू नये, एवढ्यासाठी उभा आहे. (बरोबर.)

सरपंच म्हणाले, “झालं का मास्तर? पुढचा विषय घ्या.” तेव्हा बायकांमधून शेवंताकाकू उठल्या. काठी धरून उभं राहायला त्यांना वेळ लागला. म्हणाल्या, “म्याच बोलावलंतं तिला. अंगण घाण दिसतंय म्हणून. साहेबानं इचारलं तवा भ्याले मी. मग सांगाय गेले असते तर लोक म्हनले असते, तवाच का न्हाई सांगितलं. असं करत ऱ्हायलं.” एवढं बोलून त्या बसल्या. सरपंचांनी पुढचा विषय घेतला नाही. ग्रामसेवकांना मी विनंती केली की हे इतिवृत्तात लिहा. त्यांनी लिहिलं. (नक्कल घे.)

सभा सुटल्यावर काकू माझ्याबरोबर घरी आल्या. तुम्ही बसला होता त्या पायरीवर बसल्या. आई बाहेर आली. काकूंनी तिचा हात धरला, तो सोडेनात. आई म्हणाली, “ऱ्हाऊ दे आता. च्या घे.” काकूंनी चहा घेतला. त्या गेल्यावर आई भांडी विसळता विसळता मला म्हणाली, “बावीस वर्सं लागली बाईला, दोन आळ्या उतरून याय.” संध्याकाळी नळावर गेली ती नेहमीपेक्षा उशिरा परत आली. बायका बोलत बसल्या होत्या म्हणाली. (किती उशिरा?)

तात्या, तुमचे उपकार (हा शब्द काढ) मला फेडता येणार नाहीत. इतकी वर्षं कागद खिशात ठेवला याची लाज वाटते. (वाटू दे.)

आईनं एक निरोप सांगितला आहे. त्या दिवशी तुम्ही बाहेरच बसून गेलात, घरात आला नाहीत. आता एकदा या. सूर्य मावळायच्या आत ती जेवायला वाढेल, कांदा घालणार नाही. आणि म्हणाली, तात्यांना सांग, तुम्ही येणार त्या दिवशी मी अंगण झाडत नाही, तुम्हाला आवडत नाही ते.

तुमचा,
मास्तर

(आईला सांग, झाडू दे. सडा बी घालू दे.)